बैल उठेपर्यंतचा डाव

माझ्या नातवाचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मोबाईलवर गाड्या पळवायचा आणि माणसं मारायचा खेळ खेळतो. जेवताना खेळतो, न्हाणीत बसून खेळतो. हाक मारली तर "हो" म्हणतो, पण मान वर करत नाही. नातवानं मोबाईल कपाटात ठेवून पाहिला, पोरानं तो शोधला. आकड्यांचं कुलूप घातलं, पोरानं ते उघडलं. शेवटी मागच्या आठवड्यात नातवानं त्याला ओसरीत उभं केलं, त्याच्या आईच्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि म्हणाला, "म्हण, पुन्हा खेळलो तर माही आई मरन."

पोरानं म्हटलं.

मी खाटेवर चहा पीत होतो. कप तसाच हातात राहिला. मी पोराच्या तोंडाकडे पाहत होतो. तसलं तोंड मी साठ वर्षांपूर्वी एकदा पाहिलं आहे, आणि तेव्हा शपथ घालणारा मी होतो.

मी नातवाला लगेच म्हणालो, "सुटली म्हण." आमच्याकडे ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं, दुसऱ्याच्या म्हणण्यानं ती सुटत नाही. नातू हसला. "आबा, तुमाले आजकालच्या पोरायचं काय समजते?"

मला राग आला. मला राग लवकर येतो, हे गावात कोणालाही विचारा. पण बोलून मी आजवर कोणाला काही पटवून दिलेलं नाही. माझा आवाज चढतो आणि समोरचा उठून जातो. म्हणून हे लिहून ठेवतो. शाळा माझी दुसरीपर्यंतची. अक्षर वाकडं आहे, पण लिहिलेलं खरं आहे.

महाराष्ट्र नवानवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमचं गाव धामणगाव बढ्यापासून पायी तासाभरावर. घरी मी, बायको, दहा वर्षांची थोरली मुलगी आणि नुकता पाय टाकू लागलेला मुलगा. गोठ्यात दोन बैल, एक तांबडा आणि एक बांडा. तांबडा माझ्या घरच्या गाईचा, माझ्या हातानं वाढवलेला. तासाला असा सरळ चालायचा की मागं तण काढायचा डवरा धरणाऱ्यानं नुसतं उभं राहावं. हे मी कौतुकानं सांगत नाही, पाहणारे सांगायचे.

गावाच्या वेशीजवळ महादेवाचं दगडी देऊळ आहे. त्याच्या ओट्यावर वाघबकरीचा पट कोरलेला आहे. कोणी कोरला ते कोणालाच माहीत नाही. खापराचे तीन तुकडे म्हणजे वाघ आणि पंधरा चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघानं उडी मारून बकरी खायची. बकऱ्यांनी सगळ्या मिळून वाघाला असं कोंडायचं की त्याला हलायला जागा राहू नये. देवळाचा म्हातारा गुरव त्या खेळाचा मोठा खेळाडू. पूजा उरकली की तो पटावर बसायचा आणि ज्याला काम नाही तो त्याच्यासमोर.

थोरली महादेवाला पाणी घालायला जायची. तिथं उभी राहून पाहायची. पाहता पाहता शिकली. एक दिवस गुरवाच्या समोरचा माणूस उठून गेला आणि ही फ्रॉक सावरून त्याच्या जागी बसली. तिनं बकऱ्या घेतल्या आणि गुरवाचे तिन्ही वाघ कोंडले.

गुरव संध्याकाळी माझ्या दारात आला. "भाऊ, तुमच्या पोरीनं आज माही जिरवली. पंचवीस वर्सं झाले, मले कोणी असं बांधलं नव्हतं."

मला अभिमान वाटला. हे आधी कबूल करतो, कारण पुढं जे झालं त्याची सुरुवात तिथं आहे. मी तिला जवळ बोलावलं आणि चार माणसांसमोर म्हणालो, "कोणाची पोरगी हाय?" पोरीला काय, तिला वाटलं आता बापाचा परवाना मिळाला.

मग दुपारची भाकर उशिरा यायला लागली. थोरलीचं काम असं होतं की दुपारी शेतात माझी भाकर पोचवायची. रस्ता देवळावरून. आधी थोडा उशीर, मग बराच उशीर. एका दिवशी मी बैल सोडून निंबाखाली बसलो ते सावली दुसरीकडं सरकली तरी भाकरीचा पत्ता नाही. आली ती धावत, घामानं भिजलेली.

"काऊन वं, कुठी होती?"

"येऊनच राह्यली होती बाबा."

"देवळातून?"

तिनं टोपली खाली ठेवली. आतल्या भाकरीला मुंग्या लागल्या होत्या.

बायको म्हणाली, घरीही तेच आहे. चुलीवर दूध ठेवलं तर उतू जातं आणि ही समोर बसलेली असते, पण डोळे भलतीकडं. परातीत पीठ घेतलं की मळायच्या आधी बोटानं त्यात पट काढते. लहान भावाला सांभाळायला दिला तर तो उंबऱ्यावरून खाली पडला, तो रडायला लागल्यावर हिला कळलं. मास्तर म्हणाले, पाटीवर गणित सोडून रेघा असतात. ती वाईट झाली नव्हती. खोटं फारसं बोलत नव्हती, चोरी करत नव्हती. फक्त ती आमच्यात नव्हती. समोर बसून जेवायची, पण ती तिथं नसायची.

मी माझ्या रीतीनं उपाय केले. आधी तिचे चिंचोके चुलीत टाकले. दुसऱ्या दिवशी राखेतून ते भाजलेले चिंचोके काढून धाकट्यानं चघळले आणि थोरलीनं गावातल्या चिंचेखालून नवे वेचले. मग मी एक चापट मारली. ती रडली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मग मी गुरवाला दम दिला.

गुरव म्हणाला, "मी नाई खेळत तिच्यासंगं. पण भाऊ, ती नुसती पाहत बसली तरी चालते. अन् मी चुकीची चाल केली का 'च्यक' करते. देवाशप्पथ, मले ते सहन होत नाई."

मग मी असं काही केलं की गाव अजून हसतं. मी सकाळीच देवळात गेलो आणि त्या कोरलेल्या पटावर मांडी घालून बसलो. म्हटलं, पाहू कोण खेळतं. बैल घरी, डवरणी पडलेली, आणि मी पटावर. दुपारपर्यंत बसलो. खेळणारे आले, मला पाहून उभे राहिले. एकानं विचारलं, "भाऊ, नवस हाय का?" गुरवानं चुलीतला कोळसा आणला आणि माझ्यापासून दोन हातांवर, त्याच ओट्यावर, नवा पट काढला. सगळे तिकडं बसले. मी तरीही उठलो नाही. आता उठलो तर हरलो, असं मला वाटलं. पाय मुंग्या येऊन बधिर झाले तेव्हा बायको भाकर घेऊन देवळातच आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आता इथंच वाढू का?"

तेव्हा तरी कळायला पाहिजे होतं. पट दगडात नव्हता, तो पोरीच्या डोक्यात होता, आणि डोक्यावर बसता येत नाही. पण मी चिडलेला होतो. हसण्यावारी गेलेला माणूस सरळ विचार करत नाही.

पोळा आला. वेशीत तोरण बांधलं. सगळ्यांचे बैल देवळासमोर रांगेत उभे राहिले. माझ्या तांबड्याच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या. तोरण तुटायच्या आधी मी थोरलीला हात धरून पुढं आणलं आणि तिचा हात तांबड्याच्या कपाळावर ठेवला.

"म्हण. पुन्हा वाघबकरी खेळली तर या बैलाचं वाईट होईन."

बायको बायकांमधून पुढं आली. सणाच्या दिवशी, एवढ्या माणसांत ती कधी माझ्याशी बोलली नव्हती. "लेकराच्या तोंडातून असं वदवू नका हो."

"तू मधी बोलू नको."

थोरलीनं बैलाकडं पाहिलं. तांबड्याला तीच रोज पाणी पाजायची. तो तिच्या हाताचा मीठ लागलेला तळवा चाटायचा. तेव्हाही त्यानं जीभ काढली. तिनं म्हटलं. एकदम हळू म्हटलं, तर मी तिला पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावलं.

आणि उपाय लागू पडला. हेच तर वाईट झालं. ती देवळाच्या ओट्याकडं पाहायची नाही. भाकर वेळेवर यायला लागली. पाटीवर गणितं दिसायला लागली. लोक मला विचारायला लागले, भाऊ, तुमी पोरीची सवय कशी मोडली? मी बाजारात सांगितलं, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं. ती हसायची कमी झाली, हे बायकोनं मला सांगितलं. मी म्हणालो, मोठी होऊन राह्यली, दुसरं काय.

पोळ्यानंतर दोन आठवडे झाले असतील. सकाळी मी बैल धुऱ्यावर चारत होतो. शेजारच्या शेताचा मालक आला. त्याचा मुलगा पत्त्यांच्या नादी लागला होता. त्यानं विचारलं, तुमी काय केलं होतं? मग काय, मी बसलो सांगत. पटावर बसल्याचं गाळलं, पोळ्याचं रंगवून सांगितलं. बोलता बोलता माझ्या हातातला कासरा कधी सुटला ते मला कळलं नाही. तांबडा धुरा ओलांडून दवानं भिजलेल्या मुगाच्या वेलात शिरला आणि मी पाहिलं तोवर त्यानं पोटभर चरून घेतलं होतं.

ज्यांनी गुरं पाळली त्यांना पुढचं सांगायला नको. तासाभरात त्याची डावी कूस ढोलासारखी झाली. वर बोट मारलं तर ढब ढब वाजायची. तो पाय फाकवून उभा राहिला, मान खाली, आणि त्यानं रवंथ सोडला. बैलाचं दुखणं तिथं कळतं. जबडा हलत असेल तर काळजी नाही. जबडा थांबला की घरातल्या चुलीवर कोणाचं लक्ष राहत नाही.

मी त्याला कसाबसा घरी आणला. बांबूच्या नळीनं जवसाचं तेल पाजलं. तोंडात आडवी काडी बांधली, म्हणजे तो ती चघळतो आणि पोटातला वारा ढेकरानं निघतो. कडब्याच्या पेंढीनं कूस चोळली. थोरली भाकर घेऊन शेताकडं निघाली होती, ती अर्ध्या रस्त्यातून आमच्यामागं परत आली. गोठ्याच्या दारात उभी राहिली. टोपली खाली ठेवली आणि तांबड्याच्या तोंडासमोर जाऊन बसली. त्याच्या जबड्याकडं पाहत राहिली.

त्या दिवशी ती जेवली नाही. बायको ताट घेऊन गोठ्यात गेली, ताट तसंच परत आलं. मी म्हणालो, लळा हाय तिचा, जेवन उद्या.

सकाळी मी पाण्याची बादली घेऊन गोठ्याच्या मागच्या बाजूनं आलो. थोरली बैलापाशीच होती. दोन्ही हात तिनं त्याच्या कपाळावर ठेवले होते, पोळ्याला ठेवलेल्या जागीच. ती त्याच्याशी बोलत होती.

"मी खेळली. एकच डाव खेळली काल सकाळी. मले धर अन् याले सोड. याले सोड न, मी सांगून राह्यली न, मले धर."

मी बादली खाली ठेवली नाही. तसाच मागं फिरलो, विहिरीवर गेलो, भरलेली बादली ओतली आणि पुन्हा भरली. काय करून राह्यलो ते मलाच कळत नव्हतं. बायको तिथं आली. तिनंही ऐकलं होतं, कुडाच्या पलीकडून.

"शपथ तुमी घातली. तुमीच सोडा."

"शपथेनं काय झालं त्याले? मुगानं झालं."

"मंग तिले सांगा न तसं."

"सांगतो."

"मंग जा न. इथं काऊन उभे हा?"

मी काऊन उभा होतो ते तिला माहीत होतं. मुगानं झालं असं सांगायचं तर बैल मुगात कसा गेला हे सांगावं लागणार. आणि तो गेला तेव्हा मी कोणती बढाई मारत होतो हेही. त्या वेळपर्यंत मी घरात कधी कोणाला म्हटलं नव्हतं की माझं चुकलं. आमचा बाप कधी म्हणाला नाही, त्याच्या बापाचं माहीत नाही.

मी गोठ्यात गेलो आणि थोरलीला सांगितलं. उभ्याउभ्या, भिंतीकडं पाहून सांगितलं. कासरा माझ्या हातातून सुटला, तो मुगात गेला, त्याचं पोट फुगलं, तुझ्या डावाचा काही संबंध नाही.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुमी मले बरं वाटावं म्हणून सांगता."

आता काय करावं? मी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं, आणि जिच्यासाठी केलं तिलाच ते खरं वाटेना.

"मंग काय करू सांग."

"सुटली म्हणा."

"सुटली."

"इथं नाई. तिथं घातली होती."

बायको दारात होती. ती म्हणाली, "बरोबर बोलते ते. जिथं घातली तिथं सोडा. अन् बैलबी चालला पाहिजेच, त्यालेबी बरंच हाय."

हे मात्र खरं होतं. पोट फुगलेल्या बैलाला बसू द्यायचं नसतं, हळूहळू फिरवायचं असतं. मी काडी बांधलेल्या तोंडाचा तांबडा सोडला. पुढं मी, मधी बैल, त्याच्या मानेला हात लावून थोरली. घरापासून वेस काही लांब नाही, पण मला ती त्या दिवशी लांब वाटली. ओट्यावर गुरव आणि तिघं-चौघं बसलेले. डाव चालू होता. आम्हाला पाहून थांबला.

मी बैल देवळासमोर उभा केला. आणि जेवढ्या मोठ्यानं पोरीला म्हणायला लावलं होतं तेवढ्याच मोठ्यानं म्हणालो, "आइका. माह्या हातून कासरा सुटला. बैल मुगात गेला. मी धुऱ्यावर बढाई मारत बसलो होतो म्हणून गेला. पोरीचा काई दोष नाई. पोळ्याले घातलेली शपथ सुटली. सुटली. सुटली."

तेवढ्यात तांबड्यानं मान लांब करून असा मोठा ढेकर दिला की ओट्यावरचा एक जण दचकून मागं सरकला.

गुरव म्हणाला, "घ्या. यानंबी हाव म्हटलं."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो असेन. आता मी भोळा नाही. तेल होतं, काडी होती, चालणं होतं, त्यानं तो ढेकर आला, माझ्या बोलण्यानं नाही. पण थोरलीनं त्याच्या मानेला मिठी मारली आणि ती रडली. चापट मारली तेव्हा जे रडली नव्हती ते सगळं तेव्हा निघालं. घरी येताना तांबडा आणखी तीनदा ढेकरला. दुपारी तो गोठ्यात बसला आणि त्याचा जबडा हलायला लागला. थोरली त्याच्यासमोर बसली आणि जेवली. तीन भाकरी जेवली, बायको मोजत नव्हती पण मी मोजत होतो.

आम्ही देवळातून निघताना गुरवानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मंग भाऊ, आता तिले खेळू द्यायचं का नाई?" मी बैल घेऊन निघालो. शपथ सुटली होती, पण नाद थोडाच सुटला होता. त्या विचारानं मला दोन दिवस काम सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा डवरणी धरली. दुपारी बैल निंबाखाली सोडले. थोरली भाकर घेऊन वेळेवर आली आणि तांबड्यासमोर जाऊन बसली. तो पाय दुमडून बसला आणि रवंथ करू लागला. तो उठेपर्यंत ती त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. चौथ्या दिवशीही तसंच. भीती गेली नव्हती. पाचव्या दिवशी मी भाकर खाल्ली, हात धुतले आणि तुराटीनं मातीत रेघा ओढायला लागलो. मला पट नीट माहीतच नव्हता. महिनाभर त्या खेळाशी भांडलो, त्यावर बसलो, पण एकदा नीट पाहिला नव्हता.

ती लांबून पाहत होती. मग तिला राहवलं नाही. "च्यक. बाबा, ही रेघ इकडं नाई येत."

"मंग कुठी येते?"

तिनं पट काढून दिला. मी म्हटलं, वाघ माझे. तिनं खडे वेचले. आणि मला दहा-बारा चालीत कोंडलं.

"पुन्हा मांड," मी म्हणालो.

तेव्हा तिनं मला विचारलं, आणि ते मला अजून आठवतं, "बाबा, किती येळ खेळायचं?" म्हणजे तिलाही माहीत होतं की थांबणं तिच्या हातात राहत नाही. पोरांना ते माहीत असतं. आम्हाला वाटतं, त्यांना कळत नाही.

घड्याळ आमच्याकडं नव्हतं. मी तांबड्याकडं पाहिलं. "हा बसला हाय तवर. हा उठला का डाव मोडायचा. कोणीबी जिंकत असो."

"तुमी जिंकत असले तरीबी?"

"हाव. मी जिंकत असलो तरीबी."

मग तेच रोजचं झालं. बैल उठला की तो थांबत नाही. अंग झाडतो, शेपटी हलवतो, आणि मला डवरा धरावाच लागतो. बैलाशी हुज्जत घालता येत नाही आणि त्याचा रागही येत नाही. मी "बस झालं" म्हटलं असतं तर तिनं तोंड फुगवलं असतं. त्यानं म्हटलं तर ती उठायची. हां, लबाड्या केल्या तिनं. एकदा डाव रंगात आला तर हळूच कडब्याची पेंढी त्याच्यासमोर सरकवली, म्हणजे तो बसून राहील. एकदा निंबाचा डहाळा घेऊन त्याच्या अंगावरच्या माश्या वारत बसली. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं, कारण तो डाव मलाही हवा होता. आणि दोनदा ती देवळात अडकली, भाकर पुन्हा उशिरा आली. मी देवळात गेलो नाही. निंबाखाली पट काढून बसून राहिलो. ती आली तेव्हा तांबडा उठायच्या बेतात होता. मी म्हटलं, आजचा डाव गेला. तिला चापटीपेक्षा ते जास्त लागलं. गुरव पुढं तक्रार करायचा की भाऊनं माहा गडी पळवला.

नातवानं हे वाचलं तर आधी उठून पोराला 'सुटली' म्हणावं, ज्या ओसरीत शपथ घातली त्याच ओसरीत, आईसमोर. मग त्याच्याजवळ बसावं आणि तो मोबाईलमधला खेळ हातात घेऊन हरावं. किती वेळ खेळायचं ते काय पाहून ठरवावं, ते त्यानं शोधावं. त्याच्याकडं बैल नाही, हे मला माहीत आहे.

एक डाव मात्र सांगायचा राहिला. ज्वारी कापायला आली होती तेव्हाचा. भादव्यापासून मी रोज हरत होतो. वाघ सोडायला तयार नव्हतो. थोरली म्हणायची, "बाबा, एक डाव बकऱ्या घेऊन तर पाहा." मी म्हणायचो, वाघच घेईन आणि वाघानंच जिंकीन. त्या दुपारी कसं कोण जाणे, तिच्या नऊ बकऱ्या मी खाल्ल्या होत्या आणि दहावी माझ्या वाघासमोर उघडी पडली होती. ती खाल्ली की उरलेल्या पाचांनी माझे वाघ कोंडणं शक्यच नव्हतं. मी खापराचा तुकडा उचलला.

तांबडा उठला. आधी मागचे पाय, मग पुढचे. अंग झाडलं, घुंगरं वाजली.

माझा हात पटाच्या वर तसाच होता. थोरली बैलाकडं पाहत नव्हती, पटाकडंही नव्हती. ती माझ्याकडं पाहत होती. एक उडी तर राहिली होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आणि मी कसा माणूस आहे ते मी वर सांगितलंच आहे.

मी तुकडा खाली ठेवला आणि तळव्यानं पट पुसून टाकला.

"बाबा, तुमी जिंकलेच होते."

"कायचा जिंकलो? बैल उठला."

तिनं खडे ओच्यात गोळा केले. रोज मला तिला एकदा तरी हाक मारावी लागायची. त्या दिवशी ती माझ्या आधी उठली, तांबड्याचा कासरा हातात घेतला आणि त्याला जुवाकडं घेऊन गेली.